ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती देणारी 'सिस्टिमइन्फो' आज्ञा आणि औद्योगिक संगणकांची सुरक्षा

बीजशब्द : ऑपरेटिंग सिस्टिम, कमांड प्रॉम्प्ट, बिल्ड क्रमांक, सुरक्षा अपडेट

प्रस्तावना :
'आपल्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे?' या प्रश्नास बहुधा 'विंडोज' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. संत तुकाराम नगर परिसरात शिकणारा संगणकशास्त्राचा विद्यार्थी उद्या भोसरी वा चाकण येथील कारखान्यात रुजू झाल्यास, एखाद्या यंत्राच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी तशीच ठेवलेली जुनी विंडोज त्यास आढळू शकते. अशा संगणकाची नेमकी स्थिती एका आज्ञेद्वारे कशी जाणावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आज्ञेचे स्वरूप :
विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सिस्टिमइन्फो' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाईप करावा व एंटर कळ दाबावी. काही क्षणांत ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव, आवृत्ती, बिल्ड क्रमांक, ती संगणकावर बसविल्याचा दिनांक, संगणक शेवटचा सुरू झाल्याची वेळ, प्रोसेसर, मेमरी आणि हॉटफिक्स म्हणजे बसविलेल्या अपडेटचे क्रमांक पडद्यावर येतात. ही माहिती फाइलमध्येही साठविता येते.

माहितीचा अर्थ :
येथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिली आवृत्तीविषयी. विंडोज ११ असलेल्या संगणकावरही आवृत्ती १०.० अशीच दिसते; बिल्ड क्रमांक २२००० किंवा त्याहून अधिक असल्यास ती विंडोज ११ समजावी. दुसरी अपडेटविषयी. विंडोज १० पासून अपडेट एकत्रित स्वरूपात येतात व नव्यात जुन्याचा समावेश असतो. त्यामुळे यादीत जुना क्रमांक नसणे म्हणजे ती दुरुस्ती नसणे नव्हे. अशा वेळी 'व्हर' ही आज्ञा द्यावी. अलीकडच्या विंडोजमध्ये ती बिल्ड क्रमांकापुढील अंकही दाखविते व त्यावरून शेवटचे अपडेट ओळखता येते. लिनक्समध्ये 'युनेम' ही आज्ञा केवळ कर्नलची माहिती देते. वितरणाचे नाव 'ईटीसी' फोल्डरमधील 'ओएस-रिलीज' या फाइलमध्ये पाहावे लागते.

माहितीचे महत्त्व :
मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर अपडेट प्रसिद्ध केले. त्याच उणिवेचा लाभ घेऊन मे महिन्यात 'वॉनाक्राय' आणि २७ जून रोजी 'नॉटपेट्या' हे घातक प्रोग्राम जगभर पसरले. नॉटपेट्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीस बसला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलवरील कंटेनर हाताळणी विस्कळीत झाली. पिंपरी-चाकण पट्ट्यातील निर्यातीची वाट याच बंदरातून जाते. अपडेट व हा हल्ला यांत १०५ दिवसांचे अंतर होते. नॉटपेट्या पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणजेच अपडेट नसलेला एक संगणक साऱ्या नेटवर्कला धोक्यात आणू शकत होता.

विंडोज एक्सपीचे नियमित साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. कारखान्यातील यंत्र मात्र याहून पुष्कळ अधिक वर्षे चालते. जेथे जुनी विंडोज बदलणे शक्य नसते, तेथे तो संगणक इंटरनेटपासून व कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळा ठेवणे हा व्यवहार्य उपाय ठरतो. परंतु वेगळा कोणता ठेवावयाचा, हे प्रथम ठाऊक असावे लागते.

निष्कर्ष :
'सिस्टिमइन्फो' आज्ञा संगणकाचे रक्षण करीत नाही; ती केवळ त्याची स्थिती सांगते. तथापि, प्रत्येक संगणकावर ती चालवून नाव, बिल्ड क्रमांक व शेवटचे अपडेट यांची नोंदवही ठेवल्यास धोक्याची सूचना आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून अशी नोंदवही तयार करून घेतल्यास कारखान्यात उपयोगी पडणारी सवय त्यांना येथेच लागेल.