शुगर फक्त म्हाताऱ्यांना होत नाही. मूल सारखं पाणी पीत असेल तर आधी बोट टोचून बघा

महाड : "एवढ्याशा पोराला शुगर कुठनं होणार?" हे वाक्य आपल्याकडे महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर अजूनही ऐकायला मिळतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाडीवर दहा वर्षांची मुलगी महिनाभरात अर्धी झाली. रात्री चार-चार वेळा उठून पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायची. कुणी म्हणालं नजर लागली, अंगारा लावून झाला. मग उलट्या सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरनी पित्त समजून औषध दिलं. शेवटी आजोबांचं शुगर तपासायचं मशीन घरात होतं, त्यावर कुणीतरी सहज तिचं बोट टोचलं. आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' असं आलं. बऱ्याच मशीनवर साखर ६०० च्या वर गेली की तसं दिसतं. रातोरात गाडी करून तिला मुंबईला नेली म्हणून वाचली.

हा टाइप १ मधुमेह. आजी-आजोबांना होतो तो टाइप २, दोन्हीत नावापुरतंच साम्य. मोठ्यांच्या आजारात शरीरात इन्सुलिन असतं पण ते नीट लागू पडत नाही, म्हणून गोळ्या चालतात. मुलांच्या या आजारात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिन बनायचंच थांबतं. मग खाल्लेलं अन्न रक्तात साखर होऊन पडून राहतं, पेशींना मिळत नाही आणि मूल खाऊन-पिऊन वाळत जातं.

गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्लं त्याने होत नाही. एकाच्या ताटात जेवल्याने दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा घरात पहिला दोष आईला दिला जातो.

लक्षणं साधी आहेत. खूप तहान, सारखी लघवी, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत येणं, वजन उतरणं, मूल मलूल पडणं. लघवीच्या जागी मुंग्या लागल्या तर आपली जुनी माणसं ओळखायची. याच्या पुढे पोट दुखणं, उलट्या, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असं दिसलं तर रक्तात आम्ल वाढलंय समजा. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, १०८ बोलवा. आशाताईंची शुगर तपासणी ३० वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी असते, त्यात मुलं येत नाहीत. म्हणून आरोग्य केंद्रात आपणच म्हणायचं, "याची शुगर बघा." काही सेकंदांचं काम आहे.

१९२१ साली कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल जगत नसे. आजही इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत तीच वेळ येते. कारल्याचा रस, मेथी, कुठलं झाडपाल्याचं औषध, यातलं काही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही.

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवडे-महिने बऱ्याच मुलांची गरज एकदम कमी होते, कारण उरल्यासुरल्या पेशींना विसावा मिळतो. घरच्यांना वाटतं पोर बरं झालं, त्याच वेळी कुणी औषध देणारा भेटलेला असला तर सगळं श्रेय त्याला जातं. इंजेक्शन थांबतं आणि मूल परत बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, आपण नाही.

सुईची एक गोष्ट. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटवाल्याला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट इकडे नाहीतर तिकडे होतो. मेडिकलवाला घाईत असेल तर आपण टोपण बघून घ्यायचं.

साखर जास्त होण्याइतकीच कमी होण्याचीही भीती असते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, मग भाकरी किंवा बिस्किट. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागतो; थेट दवाखाना. लावणीच्या दिवसात पोरं चिखलात दिवसभर राबतात, त्या रात्री झोपेत साखर उतरू शकते. श्रावणातले सोमवार किंवा नवरात्रीचे उपवास डॉक्टरांना न विचारता धरू नयेत.

वीज गेल्यावर इन्सुलिनचं काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. उघडलेली साधारण महिनाभर घरात सावलीत चालते, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत बाटली, वर ओलं फडकं आणि जागा वाऱ्याची. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं दिवस-रात्रीचं २५ ते ३७ अंश तापमान शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तसंच ठेवून बघितलं, चार आठवडे इन्सुलिन टिकलं. २०२१ मध्ये ते छापून आलं. आपल्याकडे पावसात तशी अडचण नाही, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पावसातली अडचण वेगळीच. जुलै २०२१ च्या पुरात महाडचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वरंध घाटही पावसाळ्यात बंदच असतो. म्हणून जूनच्या आधी दोन महिन्यांचा साठा हवा, आणि तो एकाच घरात नको, अर्धा उंचावरच्या नातेवाइकांकडे.

शाळेत मुलाने मधेच लघवीला, पाणी प्यायला जाऊ द्या म्हटलं तर गुरुजींनी अडवू नये. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही २०२३ मध्ये राज्यांना शाळांबद्दल लिहिलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना पालकांनीच लेखी द्यावं. खेळातून मुलाला बाहेर बसवू नका. वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच आजार निघाला, तो २००३ पर्यंत गोलंदाजी करत होता.

मुली मोठ्या झाल्या की घरचे आजार लपवतात, लग्न ठरणार नाही म्हणून. मग सासरी गेल्यावर इंजेक्शन चोरून घ्यावं लागतं किंवा बंदच होतं. नीट उपचार असतील तर या मुलींना मुलंही होतात, संसारही होतो. लपवून फक्त जीव धोक्यात येतो. सांगून टाका.

उपचारासाठी आपल्याकडची माणसं मुंबईच्या केईएम, वाडिया नाहीतर पुण्याच्या केईएमला जातात. अशा मुलांसाठी राज्यात कामही बरंच झालंय. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचं ड्रीम ट्रस्ट गरीब मुलांना इन्सुलिन पुरवत आलंय, छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांचं 'उडान' आहे. कोकणात त्याची कमी जाणवते. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जगाला उपचार दाखवला, ते याच तालुक्यात. पोरांच्या शुगरसाठी मात्र अजून घाट उतरून-चढून जावं लागतं. जाताना रोजची साखर, डोस आणि जेवणाची वेळ लिहिलेली वही बरोबर न्या, डॉक्टर आधी तीच मागतात.