वनविश्रामगृहातील मुक्काम

सातपुड्याच्या कुशीतील यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. ते पाहावयास येणाऱ्यांना लगतच्या रावेर तालुक्यातील पाल येथे वनविश्रामगृहाचा निवारा लाभतो. अशा विश्रामगृहांची प्रथा ब्रिटिश राजवटीत दौऱ्यावरील वनाधिकाऱ्यांच्या सोयीसाठी पडली. तेव्हा तेथे हॉटेलातील चैनीची अपेक्षा धरणे उचित नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो, आणि वनास धोका होईल असा विस्तव पेटविणे वा जळता ठेवणे हा अपराध आहे. उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली जळती विडी डोंगर होरपळून टाकते. त्याबरोबर पावरा व तडवी बांधवांचा चारा आणि मोहफुलेही जातात. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही जाणीव प्रत्येक पाहुण्यास आवर्जून करून द्यावी.