भूगोलाची क्षेत्रपाहणी : महाबळेश्वर ते वाई

भूगोल हा पाठ करण्याचा विषय आहे, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे. वास्तविक तो चालून पाहण्याचा व पाहिलेलें पारखण्याचा विषय होय. मात्र सहल निराळी आणि क्षेत्रपाहणी निराळी. सहलीस निघतांना शिदोरी पुरते. पाहणीस निघण्यापूर्वीं एक नेमका प्रश्न हवा.

उदाहरणार्थ, महाबळेश्वराहून पांचगणीमार्गें वाईस उतरणारा सुमारें ३२ किलोमीटरांचा रस्ता घ्यावा. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ६,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पांचगणीस त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका, तर वाईस १,००० च्याहि आंत. महाबळेश्वर व पांचगणी यांच्या उंचींत फारसें अंतर नाहीं. तेव्हां केवळ उंची हें याचें कारण नव्हे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीचा कडा चढतांना थंड होऊन पाऊस टाकतात. माथा ओलांडून पूर्वेस उतरतांना ते उबदार व कोरडे होतात. ही झाली पर्जन्यछाया. आतां प्रश्न असा कीं, पावसाची ही उतरण झाडें, पिकें व घरें यांवर उमटलेली दिसते काय?

थांबण्याचीं ठिकाणें घरींच, नकाशावर, समान अंतरानें ठरवावीं. वाटेंत ठरविल्यास मनाजोगतीं ठिकाणेंच निवडलीं जातात. प्रत्येक ठिकाणीं उंची, माती, वृक्षांची दाटी, पीक व छपराचा उतार याच क्रमानें टिपावीं. एका दिवसाच्या सरीवरून वर्षाचें अनुमान करूं नये. पावसाचे आंकडे हवामान खात्याच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरूनच घ्यावे.

खरी कसोटी वाईच्या शिवारांत लागते. पाऊस कमी, आणि तरीहि भरपूर पाणी मागणारा ऊंस तेथें उभा! सिद्धान्तास बाध येऊं नये म्हणून ही नोंद गाळण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. ती गाळली कीं पाहणी तेथेंच संपली. ती ठेवली, तर दुसरा प्रश्न उभा राहतो : हें पाणी येतें कोठून? शोध कालव्याकडे नेतो, कालवा धोम धरणाकडे, आणि धरण कृष्णेकडे. कृष्णेचा उगम तर महाबळेश्वरींच! ढगांनीं वाईस जें नाकारलें, तें नदीनें आणून दिलें.

सिद्धान्त पुस्तकांत होताच. ही गोष्ट मात्र न जुळणाऱ्या एका नोंदीनें शिकविली. म्हणून पाहणीच्या वहींत खोडरबरास स्थान नसावें.