चिखलाने राखलेला वाडा

सिसिली बेटाच्या ऐन मध्यात पियात्सा आर्मेरिना हे डोंगरी गाव आहे. तिथून काही किलोमीटरवर, दरीच्या कुशीत, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा एक रोमन वाडा आहे: व्हिला रोमाना देल कासाले. प्रेक्षकाने उंचावरच्या अरुंद वाटेवरून चालायचं आणि मान खाली घालून बघायचं, कारण इथलं वैभव जमिनीवर आहे. रंगीत दगडांचे बारीक तुकडे जुळवून केलेलं सुमारे ३,५०० चौरस मीटर मोझेक!

साठ मीटरहून लांब अशा एका पडवीत नुसती शिकार चालली आहे. मारण्यासाठी नव्हे, धरण्यासाठी. रोमच्या आखाड्यांसाठी हत्ती, शहामृग, हरणं गलबतावर चढवली जाताहेत. पडवीच्या एका टोकाला सावळी स्त्री बसली आहे. हातात हस्तिदंत, शेजारी हत्ती आणि वाघ. काही अभ्यासक तिला भारत म्हणतात, काही आफ्रिका. दुसऱ्या एका दालनात ओडिसियस राक्षसाला दारू पाजतो आहे. होमरच्या या एकाक्ष राक्षसाला इथल्या कारागिराने चक्क तीन डोळे दिले आहेत. हे कारागीर उत्तर आफ्रिकेतून आले असावेत, असं शैलीवरून मानलं जातं.

एवढा खर्च करणारा मालक कोण? पूर्वी सम्राट मॅक्सिमियनचं नाव घेतलं जाई; आता बरेच जण एखाद्या बड्या रोमन सरदाराकडे बोट दाखवतात. नाव सांगणारा शिलालेख मात्र नाही.

वाडा टिकला तो दरड कोसळल्यामुळे. बाराव्या शतकात तो गाळाखाली गेला आणि फरश्या तशाच राहिल्या. १९२९ मध्ये पाओलो ओर्सी यांनी इथे उत्खनन केलं. मोठं काम १९५० नंतर जीनो व्हिनिचो जेन्तिली यांनी केलं. मग ऊनपावसापासून बचाव म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर आलं. सिसिलीच्या उन्हाळ्यात त्याची भट्टी झाली आणि मोझेकला त्रास होऊ लागला. १९९७ मध्ये वाडा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. २०१२ पर्यंत ते छप्पर काढून नवं, अपारदर्शक छप्पर घालण्यात आलं. चिखलाने शतकानुशतकं निमूट केलेलं काम माणसाला दुसऱ्या खेपेला जमलं.

तिथे गेलात तर दोन तुकड्यांच्या कपड्यांतल्या खेळाडू मुलींचं दालन चुकवू नका. त्या पोहायला निघालेल्या नाहीत. कुणी थाळी फेकते, कुणी धावते, एकीच्या हाती विजयाची ताडफांदी आहे. सगळे फोटो त्यांचेच निघतात. तुम्ही जरा कोपऱ्यात बघा. तिथे मुलींच्या खालून आधीची भौमितिक नक्षीची फरशी डोकावते. मालकाला ती जुनाट वाटली असेल, म्हणून त्याने ती झाकली. झाकली, म्हणूनच ती उरली.