कळ थांबल्यावरची सोनोग्राफी

मुतखड्याची कळ उठलेल्या माणसाला दवाखान्यात जा म्हणून सांगावे लागत नाही. पाठीतून निघून जांघेपर्यंत उतरणारी ती वेदना त्याला गडबडा लोळायला लावते. डॉक्टर इंजेक्शन देतात, लघवी तपासतात, सोनोग्राफीला पाठवतात आणि रिपोर्टवर मिलिमीटरमध्ये एक आकडा येतो. इथपर्यंत बहुतेकांचे बरोबर चालते. पुढे दोन दिवसांत कळ थांबते, खडा पडून गेला असे सगळे घर धरून चालते आणि रिपोर्ट कपाटात जातो. माझ्या मते खरी गरजेची तपासणी इथूनच सुरू होते, आणि नेमकी तीच टाळली जाते.

कळ खडा टोचल्यामुळे येते असा समज आहे. प्रत्यक्षात खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरची लघवी तुंबते, दाब वाढतो आणि त्या ताणाने कळ येते. ही नळी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब, पण जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. अडथळा तसाच राहिला तर त्या बाजूच्या मूत्रपिंडात लघवी तयार होणेच हळूहळू कमी होते, ताण उतरतो आणि कळही ओसरते. म्हणजे कळ थांबण्याची कारणे दोन: खडा पडला, किंवा मूत्रपिंड दमले. रुग्णाला दोन्ही सारखीच वाटतात. रक्तातले क्रिएटिनिनही इथे फसवते, कारण दुसरे मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते सगळा भार उचलते आणि आकडा नॉर्मल येऊ शकतो. एक मूत्रपिंड असे गुपचूप निकामी होऊ शकते, म्हणून ही बाब मला फार गंभीर वाटते आणि कळ थांबल्यावरही सोनोग्राफी पुन्हा करावी असे मी म्हणतो.

सोनोग्राफीत सगळे खडे दिसत नाहीत, मग ती पुन्हा कशाला, सरळ सीटी स्कॅनच का नको, असे कोणी विचारेल. आक्षेप खरा आहे. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या वायूआड झाकला जातो, तिथला खडा सोनोग्राफीतून निसटतो. सीटीत जवळपास सगळे खडे दिसतात. पण मूत्रपिंडाला आलेली सूज सोनोग्राफीत चांगली दिसते, आणि आपल्याला आधी तीच पाहायची असते. अमेरिकेतल्या 15 रुग्णालयांत 2,759 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवात सोनोग्राफीने केली म्हणून गंभीर निदाने हुकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. शिवाय तिच्यात किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे ती पुन्हा करता येते आणि गरोदरपणीही चालते. जाताना मूत्राशय भरलेले हवे, म्हणजे त्याच्या तोंडाशी अडकलेला खडाही दिसतो. कळ हटत नसेल, चित्र स्पष्ट नसेल किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल, तेव्हा सीटी करावा.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो: पाच मिलिमीटरचा खडा आपोआप पडतो, कुळथाचे कढण आणि पानफुटी पुरे. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे पडतात हे खरे, आणि कढणाने पोटात चार घोट पाणी जास्त जाते हेही चांगलेच. पण ‘बहुतेक’मध्ये आपला खडा आहे की नाही, हे कढण सांगत नाही. अडकलेल्या खड्याची वाट चार ते सहा आठवड्यांपलीकडे पाहू नये. थंडी वाजून ताप आला तर तेवढीही सवड नसते. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतते, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

लघवी गाळणीतून करावी आणि खडा सापडला तर तपासायला द्यावा. तो कशाचा बनला आहे हे कळले की पुढचे पथ्य अंदाजाने पाळावे लागत नाही. आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून पुढच्या सोनोग्राफीची तारीख मागून घ्या. त्या तारखेला कळ नसली तरी जुना रिपोर्ट घेऊन जा.