अनाथ मुलांवरील एक प्रयोग आणि रुकाराचा प्रश्न

रसायनशास्त्रज्ञाच्या परीक्षानळींतील द्रव्य बिघडलें तर तें ओतून देतां येतें. मानसशास्त्रज्ञाची गोष्ट तशी नाहीं. त्याच्या प्रयोगाचें द्रव्य म्हणजे जिवंत माणसाचें मन. प्रयोग संपला, वही मिटली, तरी त्या मनाचा धनी उरलेलें सारें आयुष्य त्याच मनानें काढीत असतो. अशा शास्त्रानें आपणांस कोणती मर्यादा घालून घ्यावी, याचा विचार करावयाचा तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवा येथें १९३९ सालीं झालेल्या एका प्रयोगाची हकीकत वाचकांपुढें ठेवणें, हाच आम्हांस सरळ मार्ग दिसतो.

आयोवा विद्यापीठांत वेंडेल जॉन्सन नांवाचे अध्यापक होते. ते स्वतः लहानपणापासून तोतरे. या व्याधीचें मूळ शोधण्याचा त्यांस ध्यासच लागला होता. उजव्या हाताच्या माणसानें डाव्या हातानें व्यवहार केला तर जीभ मोकळी होते, असें एक मत त्या काळीं होतें. तें पडताळण्यासाठीं जॉन्सन यांनीं आपला उजवा हात जखडून घेऊन डावखुरें होण्याचाही यत्न केला. स्वतःच्या देहावर असे प्रयोग करणाऱ्या माणसाविषयीं आदरच वाटावा. त्यांचें स्वतःचें मत पुढें असें बनलें कीं, तोतरेपणाचें मूळ मुलाच्या जिभेंत नसून आईबापांच्या कानांत आहे. लहान मूल बोलावयास शिकतांना अडखळतेंच. वडील माणसांनीं तें व्यंग म्हणून हेरलें आणि पदोपदीं टोकलें, म्हणजे मूल बिचकतें आणि मग खरोखर तोतरें होतें. ज्यानें आमच्याप्रमाणें वर्गांत उभें राहून मुलांकडून पाठ म्हणवून घेतले आहेत, त्यास हें मत एकदम टाकून द्यावेंसें वाटणार नाहीं.

परंतु तें सिद्ध कसें करावें? ज्या मुलाच्या वाणींत कांहीं दोष नाहीं, त्यास ‘तुझ्या वाणींत दोष आहे’ असें सांगून पाहावयाचें. येथें शास्त्राचें पाऊल घसरलें. आपल्या हाताशीं वाटेल तें करण्याचा अधिकार जॉन्सन यांस होता. दुसऱ्याच्या मुलाच्या जिभेवर तो कोणीं दिला?

डॅव्हनपोर्ट येथें सैनिक व खलाशी यांच्या अनाथ मुलांसाठीं काढलेलें एक मोठें अनाथगृह होतें. तेथील बावीस मुलें निवडण्यांत आलीं. मेरी ट्यूडर नांवाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी जॉन्सन यांच्या देखरेखीखालीं पदवीचा प्रबंध लिहीत होती. तिनें जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत तेथें खेपा घातल्या. बावीसांपैकीं दहा मुलें आधींपासून तोतरीं, बारा चांगलीं बोलणारीं. या बारांपैकीं सहांची वाखाणणी व्हावयाची होती. उरलेल्या सहांना सांगण्यांत आलें कीं, तुमच्यांत तोतरेपणाचीं चिन्हें दिसत आहेत, सांभाळून बोला, नीट बोलतां येत नसेल तर बोलूंच नका. मुलांस यामागील हेतु ठाऊक नव्हता. इतकेंच नव्हे, अनाथगृहांतील शिक्षक व दाया यांचीही तशीच समजूत करून देण्यांत आली होती. म्हणजे ज्यांनीं मुलास धीर द्यावयाचा, तेही न कळत प्रयोगाचें हत्यार झाले. मुलें बोलण्यास कचरूं लागलीं, तुटक उत्तरें देऊं लागलीं, आपल्याच शब्दांवर पहारा करूं लागलीं. हें सारें ट्यूडर बाईंनींच आपल्या प्रबंधांत नमूद केलें आहे. पुढें त्यांचें मन त्यांस खाऊं लागलें असावें. कारण प्रयोग संपल्यावर त्या तीन वेळां परत गेल्या आणि ‘तुमच्यांत कांहीं दोष नाहीं’ असें मुलांस सांगत राहिल्या. पण ज्या मुखानें पहिलें वाक्य उच्चारलें, त्याच मुखांतील दुसऱ्या वाक्यावर मुलानें विश्वास कां ठेवावा?

तो प्रबंध कोणत्याही नियतकालिकांत छापला गेला नाहीं. विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पडून राहिला. जॉन्सन १९६५ सालीं वारले. २००१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका वृत्तपत्रानें ही हकीकत उजेडांत आणली, तेव्हां विद्यापीठानें क्षमा मागितली. आणि २००७ सालीं त्या सहांपैकीं हयात असलेल्यांस व मृतांच्या वारसांस मिळून नऊ लक्ष पंचवीस हजार डॉलर देण्याचें आयोवा संस्थानानें मान्य केलें.

२००२ सालीं अँब्रोझ व यायरी या दोन अभ्यासकांनीं मूळ टिपणें तपासून असा निर्वाळा दिला कीं, त्यांवरून एकही मूल तोतरें झाल्याचें सिद्ध होत नाहीं. तेव्हां एवढा गवगवा कशाला, असें म्हणणारेही निघतात. अन्नांत विष कालवलें, पण खाणारा वांचला, म्हणून कालवणारा निर्दोष ठरतो काय? शिवाय तोतरीं झालीं नसतील. पण बिचकलीं होतीं, हें तर कोणीच नाकारीत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचारांत पाडणारा आहे. मुलांस विचारलें असतें तर त्यांनीं ‘हो’च म्हटलें असतें, मग न विचारल्यानें काय बिघडलें? एकलव्यानें अंगठा दिला, तोही कोणीं हात धरून कापून घेतला नव्हता. मागणारा गुरु आणि देणारा त्याच्या शब्दाचा भुकेला, अशा ठिकाणीं होकार स्वाधीन मनाचा नसतो. डॅव्हनपोर्टचीं मुलें तर मायेच्या शब्दाला पारखीं झालेलीं. आपल्या एकत्र कुटुंबांत शाळेहून आलेलें मूल ‘बाई म्हणाल्या मी तोतरा आहें’ असें म्हणेल, तर आजी, काकू, आत्या यांपैकीं कोणीतरी दुसऱ्या दिवशीं शाळेच्या दारांत उभी राहील. त्या बावीस मुलांमागें असें विचारणारें कोणीही नव्हतें, आणि तीं सोयीचीं ठरलीं तीं याच कारणानें.

१९४७ सालीं न्यूरेंबर्ग येथील न्यायाधीशांनीं जर्मन वैद्यांच्या अमानुष प्रयोगांचा निकाल देतांना स्वेच्छेनें दिलेली संमति हा पहिला नियम घालून दिला. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें १९५३ सालीं आपली नीतिसंहिता छापली. १९७९ सालच्या बेलमाँट अहवालांत व्यक्तीचा आदर, तिचें हित आणि न्याय अशीं तीन तत्त्वें आलीं. आम्हांस तिसऱ्याचें महत्त्व विशेष वाटतें. कारण प्रयोगाचा भार अनाथगृहें, तुरुंग व गरिबांचे दवाखाने यांवरच कां पडावा, हा प्रश्न न्यायाचा आहे.

आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१७ सालीं मुलांवरील संशोधनासाठीं स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. पालकांची संमति तर हवीच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी व त्यापुढें अठरापर्यंत लेखी रुकार घ्यावा, असें तीं सांगतात. ‘संमति’ हा शब्द कायद्याचा. ‘रुकार’ शब्दांत मुलाचा स्वतःचा सूर ऐकूं येतो, म्हणून आम्हीं तो येथें योजिला आहे. शाळेंतून एखाद्या पाहणीचा कागद येतो आणि घरांतील वडील माणूस वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्यावर सही ठोकतो, हा प्रकार पुष्कळ घरीं चालतो. सही करण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून तो कागद वाचून दाखवावा. त्यास काय विचारणार, त्याचीं उत्तरें कोण पाहणार, कांहीं लपविलें असल्यास खरें केव्हां सांगणार, हें संशोधकास विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. आणि पालकांनीं सही केलेली असली तरी मुलानें मध्येंच ‘आतां पुरे’ म्हटलें तर त्यास उठून येतां आलें पाहिजे. कारण सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं.