ठेका धरणारा रिंगो

रॉक संगीत ऐकणारी चार माणसं एकत्र आली की एक वाद हमखास रंगतो. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार खरंच चांगला वादक, की नशिबाने मोठ्या बँडमध्ये जाऊन बसलेला साधा माणूस? आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की डबे रिकामे होतात, पण निकाल लागत नाही.

आधी विरोधकांची बाजू ऐकू. लेड झेपलिनचा जॉन बॉनहॅम किंवा क्रीमचा जिंजर बेकर यांच्यापुढे रिंगोचे हात साधेच. बॉनहॅम 'मोबी डिक'मध्ये मंचावर एकटा कितीतरी मिनिटं वाजवायचा. रिंगोचा बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांतला खराखुरा सोलो एकच, १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'मधल्या 'द एंड' गाण्यात, आणि तोही जेमतेम १५ सेकंदांचा. शिवाय सप्टेंबर १९६२ मध्ये 'लव्ह मी डू'च्या एका ध्वनिमुद्रणाला निर्माता जॉर्ज मार्टिनने अँडी व्हाइट हा बाहेरचा ड्रमर बसवला आणि रिंगोच्या हाती खंजिरी आली.

वर एक टोमणा कायम ऐकवला जातो. रिंगो जगातला सोडाच, बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमर नव्हता, असं म्हणे जॉन लेनन म्हणाला होता. पण बीटल्सचे अभ्यासक मार्क लुइसन यांनी या विनोदाचा माग काढला, तेव्हा तो १९८१ च्या एका ब्रिटिश रेडिओ कार्यक्रमात सापडला. लेननची हत्या झाली ८ डिसेंबर १९८० रोजी. म्हणजे हा पुरावा बाद.

आता दुसरी बाजू. रिंगो मूळचा डावखुरा, पण वाजवायचा उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचे हात इतरांसारखे सरळ फिरत नाहीत. मधल्या जागा भरण्याची त्याची पद्धत थोडी थबकणारी, थोडी अनपेक्षित झाली, आणि तीच त्याची ओळख ठरली. 'कम टुगेदर'ची सुरुवात ऐका. ड्रमचे ते घरंगळणारे बोल काढून टाकले तर गाण्याचा चेहराच जातो. 'अ डे इन द लाइफ'मध्ये तो गायकाच्या ओळी संपायची वाट पाहतो आणि मगच बोलतो.

आपल्याकडे हा भेद समजावून सांगावा लागत नाही. तबल्याचं स्वतंत्र वादन वेगळं आणि साथ वेगळी, हे मैफिलीला जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. देवासच्या कुमार गंधर्वांना वसंतराव आचरेकरांची वर्षानुवर्षं साथ होती. तिथे तबलजीने किती तुकडे वाजवले हे कुणी मोजत बसत नाही. ठेक्याने गाणं किती सुखात ठेवलं, ते ऐकतात. बॉनहॅम आणि रिंगो यांना एकाच फूटपट्टीने मोजणं म्हणजे सोलोचे गुण साथीला लावणं.

१९६८ मध्ये तर याची परीक्षाच झाली. 'व्हाइट अल्बम'च्या वेळी कटकटींना कंटाळून रिंगो बँड सोडून गेला. 'बॅक इन द यू.एस.एस.आर.' आणि 'डिअर प्रूडन्स' या गाण्यांसाठी पॉल मॅकार्टनी स्वतः ड्रमवर बसला. गाणी झाली, चांगलीही झाली. तरीही उरलेल्या तिघांनी रिंगोला परत बोलावलं, आणि तो आला तेव्हा त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता. ज्यांना रोज त्याच्यासोबत काम करायचं होतं, त्यांचं मत यातून स्पष्ट दिसतं.

माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालतं. डेमोमध्ये चमकणाऱ्याचं नाव होतं. ज्याच्या कोडमुळे रात्री कुणाला फोन येत नाही, तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. पगारवाढीच्या वेळी हा हिशेब चुकतो, आणि मग असा माणूस मुकाट्याने दुसरीकडे जातो. सगळ्यांनाच फुलं घालून परत बोलावणारे मित्र मिळत नाहीत.

म्हणून माझं मत रिंगोच्या बाजूने. तंत्रात त्याच्यापेक्षा वरचढ ड्रमर पुष्कळ आहेत, हे मान्य. पण ड्रमर चांगला की वाईट हे ठरवताना पहिला प्रश्न हाच असावा: त्याच्यामुळे गाणं चांगलं झालं का? पटत नसेल तर १९६६ चं 'रेन' हेडफोन लावून, फक्त ड्रमकडे लक्ष देऊन एकदा ऐका. मग खुशाल भांडायला या.